घरपट्टीचे वर्गवार दर: घर, दुकान, शेड आणि मोकळा प्लॉट यांची आकारणी कशी होते, कशी तपासायची

एकाच गल्लीत, एकाच वर्षी बांधलेली, सारख्या मापाची दोन घरं. एकाला घरपट्टी दीड हजार, दुसऱ्याला साडेचार हजार. बहुतेक वेळा दुसऱ्या घराच्या पुढच्या खोलीला शटर लागलेलं असतं आणि तिथे किराणा, झेरॉक्स किंवा शिलाईचं काम चालतं. त्या खोलीला जास्त दर लागणं नियमाला धरून आहे. पण मागच्या तीन खोल्या आणि वरचा मजलाही त्याच दराने धरला असेल, तर आकारणी चुकली आहे. वर्गवार दराच्या जवळपास सगळ्या तक्रारी या एका ठिकाणी येऊन थांबतात: वर्ग खोलीला लावला की अख्ख्या इमारतीला?

आधी आपण कोणत्या कायद्याखाली येतो ते पाहा. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, परभणी, लातूर आणि जालना या पाच महापालिका आहेत. त्यांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्यातल्या अनुसूची ‘ड’च्या प्रकरण ८ मध्ये कर आकारणीचे नियम आहेत. बीड, धाराशिव, हिंगोली, उदगीर, अंबाजोगाई, तुळजापूर, पैठण अशा नगरपरिषदा आणि सगळ्या नगरपंचायती १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली येतात. गावात १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि १९६० चे कर व फी नियम चालतात. जालना २०२३ साली महापालिका झाली. तिथल्या लोकांनी जुन्या नगरपरिषदेच्या पावत्या जपून ठेवाव्यात, पण हरकत आणि अपील नव्या कायद्यानुसारच करावं.

फरक नेमका कुठे बसवलेला असतो

घर आणि दुकान यांच्या करातला फरक तीन ठिकाणी असू शकतो. बिल वाचण्याआधी आपल्या गावात तो कुठे आहे हे कळायला हवं.

पहिली जागा म्हणजे मूल्याचा दर. महापालिका आणि नगरपरिषदांत रूढ पद्धत करपात्र मूल्याची आहे. जागा भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल याचा अंदाज धरतात, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात आणि उरलेल्या रकमेवर कर लावतात. प्रत्येक जागेचं भाडं वेगळं काढत बसणं शक्य नसतं. म्हणून शहराचे विभाग पाडून दर चौरस मीटरला महिन्याचा दर ठरवतात. त्या तक्त्यात निवासीचा रकाना वेगळा, बिगरनिवासीचा वेगळा आणि त्याखाली आरसीसी, लोडबेअरिंग (भिंतींवर भार असलेलं), पत्रा, माती असे बांधकामाचे प्रकार असतात.

दुसरी जागा म्हणजे कराची टक्केवारी. करपात्र मूल्यावर सामान्य कर, दिवाबत्ती, सफाई, वृक्षकर वगैरे मिळून अमुक टक्के घेतले जातात. इथेही काही संस्था वापरानुसार वेगळी टक्केवारी लावतात. शिवाय १९६२ च्या कायद्याने येणारा शिक्षण कर आणि रोजगार हमी कर असतो. हा पैसा राज्याचा. नगरपालिका तो फक्त गोळा करते. रोजगार हमी कर निवासी जागेवर लागत नाही, बिगरनिवासीवरच लागतो. निव्वळ राहत्या घराच्या बिलात ‘रोहयो कर’ असा रकाना भरलेला दिसला, तर नोंदवहीत घराचा काही भाग दुकान म्हणून चढलेला आहे हे तिथेच कळतं. बिलावरून चूक पकडायची ही सगळ्यात सोपी खूण.

तिसरी जागा म्हणजे वापराचा भारांक, म्हणजे मूल्याला ज्याने गुणतात तो आकडा. ३१ डिसेंबर २०१५ च्या सुधारणेपासून ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर, म्हणजे जमीन आणि बांधकाम यांच्या एकूण किमतीवर आहे. त्यात निवासी वापराला १.००, औद्योगिकला १.२० आणि वाणिज्यिकला १.२५ असा भारांक आहे. हे आकडे नियमातच असल्यामुळे सरपंच किंवा ग्रामसेवक ते बदलू शकत नाहीत. ग्रामपंचायतीच्या हातात असतो तो दर हजारी (मूल्याच्या हजार रुपयांमागे) कराचा दर, तोही नियमाने आखलेल्या किमान-कमाल मर्यादेत.

फरक एकाच जागी ठेवावा, हे आमचं ठाम मत आहे. मूल्याच्या तक्त्यात दुकानाला तिप्पट दर आणि वर टक्केवारीतही दीडपट केली, तर खरा बोजा साडेचारपट होतो. ठरावात मात्र तो कुठेच साडेचारपट म्हणून लिहिलेला नसतो. दुकानदार सुनावणीला येतो तेव्हा त्याला कुणीच धड उत्तर देऊ शकत नाही.

वर्ग ठरवताना अडणाऱ्या जागा

मोंढ्यातलं आडतीचं दुकान, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, मोबाइल टॉवर यांच्याबद्दल वाद नसतो. वाद होतो तो मधल्या जागांवर.

लातूरमध्ये शिकवण्यांच्या आसपास राहत्या घरांच्या खोल्या विद्यार्थ्यांना दिल्या जातात, तळमजल्यावर मेस चालते, वर अभ्यासिका असते. घरमालक म्हणतो मुलं राहतात म्हणजे निवासी. कर विभाग म्हणतो कमाई होते म्हणजे व्यवसाय. दोन्ही युक्तिवाद अर्धवट आहेत. भाड्याने दिल्याने जागेचा वापर बदलत नाही. कुटुंब भाड्याने राहिलं तरी जागा निवासीच राहते. पण खाटेमागे पैसे घेऊन, व्यवस्थापक ठेवून चालवलेलं वसतिगृह ही वेगळी गोष्ट आहे, आणि मेस व अभ्यासिका तर सरळ व्यवसाय आहे. नगरपालिकेने ही सीमा ठरावात शब्दांत लिहिली पाहिजे. ‘मालक स्वतः राहत असलेल्या इमारतीत अमुक खाटांपर्यंत निवासी, त्यापुढे वसतिगृह’ असं एक वाक्य असलं की शेकडो हरकती टळतात. ते नसेल तर प्रत्येक वसुली लिपिक आपापल्या समजुतीने वर्ग लावतो.

तुळजापुरात पुजाऱ्यांच्या घरी भाविक उतरतात. नवरात्रात घर भरलेलं असतं आणि एरवी त्याच खोल्यांत कुटुंब राहतं. अशा ठिकाणी वर्षभर फक्त भाविकांसाठी राखलेल्या खोल्या मोजून तेवढंच क्षेत्र बिगरनिवासी धरावं. दाराला लॉजचा फलक असेल तर गोष्ट निराळी.

खाली दवाखाना आणि वर डॉक्टरांचं घर असेल तर मजल्यानुसार वाटणी करावी. घरातच एका खोलीत चालणारं वकिलाचं कार्यालय किंवा शिलाई मशीन याबाबत बऱ्याच संस्था सूट देतात. मात्र ती ठरावात आहे का हे पाहावं, तोंडी आश्वासनावर राहू नये. गोठा, कडब्याची जागा, जळणाची खोप यांना दुकानाचा दर लागलेला दिसला तर लगेच हरकत घ्यावी. नगरपंचायत झालेल्या गावांत अशी चूक होते, कारण शहरी तक्त्यात गोठ्याला रकानाच नसतो आणि भरणारा माणूस ‘इतर’ म्हणून बिगरनिवासीत टाकून मोकळा होतो.

वापराइतकाच बांधकामाचा प्रकार महत्त्वाचा. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराला वरून पत्रे घातले म्हणून ते आरसीसी होत नाही. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आणि मागे जुनं माळवद असेल तर दोन नोंदी हव्यात. एकच नोंद झाली तर ती नेहमी महागड्या प्रकाराची होते.

बांधकामाचं वर्ष हा तिसरा मुद्दा, आणि गावात तो पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा. भांडवली मूल्यात इमारतीच्या वयानुसार घसारा मिळतो. आरसीसीला दहा ते वीस वर्षांसाठी मूल्य ८० टक्के, वीस ते तीसला ७०, तीस ते चाळीसला ६० टक्के असं ते उतरत जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर औसा, लोहारा, उमरगा भागात पुनर्वसित गावांतली घरं बांधली गेली. त्यांचं वय आता तीस वर्षांच्या आसपास आहे. नमुना ८ च्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या आकारणीच्या नोंदवहीत बांधकाम वर्षाच्या जागी मागच्या आकारणीचं वर्ष पडलं असेल, तर ते घर कागदोपत्री नवंच राहतं आणि घसारा हातचा जातो. गावठाण पुनर्वसनाचा ताबापत्राचा कागद इथे पुरावा म्हणून चालतो.

मोजमाप

कर विभागातून आकारणी उतारा घ्या. लोक त्याला असेसमेंट उतारा म्हणतात. त्यावर क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर आणि मालक-भोगवटादार यांची नावं असतात. मग टेप घेऊन स्वतः मोजा. प्रत्येक खोली वेगळी मोजा, लांबी-रुंदी मीटरमध्ये लिहा आणि समोर वापर लिहा. फुटात मोजलं असेल तर चौरस फुटाला १०.७६४ ने भागा. २० बाय ३० फुटांची जागा ५५.७४ चौरस मीटर भरते.

आपल्या गावात भिंतीसह बाहेरून मोजतात की आतून, हे दराच्या तक्त्याच्या टिपांत दिलेलं असतं. जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात या दोन मापांत मोठा फरक पडतो. दगडमातीची दीड-दोन फूट जाडीची भिंत असेल तर छोट्या खोलीत भिंतच जागा खाते. हल्ली उपग्रह किंवा ड्रोनच्या नकाशावरून सर्वेक्षण होतं. त्यात वरून दिसणारं छत मोजून मजल्यांनी गुणतात. छज्जा, पोर्च, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची शेड आणि जिन्यावरची टोपी अशाने आत येते. दुमजली घराला तीन मजले लागलेले दिसतात ते याच कारणाने.

आकडेमोड

शहरातलं एक उदाहरण घेऊ. दर समजावण्यासाठी धरलेले आहेत, आपल्या गावचे तक्त्यातून घ्यावेत. आरसीसी इमारत आहे. खाली ४० चौरस मीटरची दुकानं, वर ६० चौरस मीटरचं घर. निवासी दर महिना ८ रुपये, बिगरनिवासी २४ रुपये, एकत्रित कर २५ टक्के.

घर: ६० × ८ × १२ = ५,७६०. दहा टक्के वजा केले की ५,१८४. त्यावर कर १,२९६ रुपये.
दुकानं: ४० × २४ × १२ = ११,५२०. वजा जाता १०,३६८. कर २,५९२ रुपये.
एकूण ३,८८८ रुपये, शिवाय राज्याचे कर वेगळे.

हीच इमारत सगळी बिगरनिवासी धरली तर १०० × २४ × १२ = २८,८००, वजा जाता २५,९२०, कर ६,४८०. वर्षाला २,५९२ रुपये जास्त. आकारणी चार वर्षं चालते हे धरलं तर दहा हजारांवर जातं.

भाड्याने दिलेल्या जागेसाठी काही ठिकाणी तक्ता सोडून प्रत्यक्ष भाडं धरतात. ४० चौरस मीटरच्या त्याच दुकानांचं नोंदणीकृत भाडं महिन्याला १५,००० असेल, तर वर्षाचे १,८०,०००, वजा जाता १,६२,००० आणि कर ४०,५००. तक्त्याच्या पंधरापटीहून जास्त. भाडेकरार लपवण्याची सवय याच फरकातून लागते. करार करतानाच घरपट्टी कोण भरणार हे त्यात लिहा. भाडेकरू गेला की त्याच आठवड्यात लेखी कळवून पोच घ्या. तोंडी सांगितलेलं नोंदवहीत येत नाही आणि पुढच्या चार बिलांत भाडेकरू तसाच राहतो.

गावातली रीत वेगळी. तिथे क्षेत्रफळ × जमिनीचा दर आणि क्षेत्रफळ × बांधकामाचा दर × घसारा या दोहोंच्या बेरजेला भारांकाने गुणतात, मग दर हजारी कर लावतात. ३० चौरस मीटरचं आरसीसी दुकान, जमिनीचा दर १,०००, बांधकामाचा २०,०००, वय पंधरा वर्षं असं धरलं तर ३०,००० + ४,८०,००० = ५,१०,०००. गुणिले १.२५ म्हणजे ६,३७,५००. हजारी दीड रुपया दराने ९५६ रुपये २५ पैसे. हेच घर असतं तर ७६५, कारखान्याची शेड असती तर ९१८. गावात वापरामुळे पडणारा फरक शहरापेक्षा बराच कमी असतो. एखाद्या ग्रामपंचायतीने दुकानाला घराच्या दुप्पट कर लावला असेल तर हिशेब मागा, तो या सूत्रात बसणार नाही.

हरकत कशी घ्यायची

नगरपरिषदेत आकारणीची यादी दर चार वर्षांनी नव्याने होते. प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी, म्हणजे सहसा नगररचना विभागाचा अधिकारी, ती तपासतो. यादी प्रसिद्ध झाली की हरकतींसाठी किमान ३० दिवस मिळतात. ज्यांची आकारणी पहिल्यांदा होते किंवा वाढते त्यांना वेगळी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस आली की दाराला चिकटवलेली असो वा हातात दिलेली, तारीख टाकून फोटो काढून ठेवा. पुढे मुदतीचा वाद झाला तर हाच आधार.

अर्ज लांबलचक नको. ‘अन्याय झाला, कर कमी करावा’ एवढ्यावर अधिकाऱ्याला काहीच करता येत नाही. असं लिहावं:

‘मालमत्ता क्रमांक ___, प्रभाग ___. यादीत १०० चौ.मी. बिगरनिवासी नोंद आहे. प्रत्यक्षात तळमजला ४० चौ.मी. दुकान व पहिला मजला ६० चौ.मी. कुटुंबाचे निवासस्थान आहे. खोलीवार मोजमाप, दोन्ही मजल्यांचे फोटो आणि वीजबिले जोडली आहेत. वापरानुसार दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात व स्थळपाहणी करावी.’

वीजबिल हा सगळ्यात वजनदार कागद, कारण महावितरणचं घरगुती आणि व्यावसायिक जोडणीचं वर्गीकरण बिलावर छापलेलं असतं. खाली-वर एकच मीटर असेल आणि तो व्यावसायिक असेल तर अडचण होते. अशा वेळी वरच्या मजल्याचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, गॅसची पावती जोडा. दुकान बंद केलं असेल तर दुकान नोंदणी आणि जीएसटी क्रमांक रद्द केल्याचा कागद लावा. नुसतं शटर ओढलेलं दाखवून चालत नाही.

सुनावणीला स्वतः जा. नाही गेलात तर अर्ज बहुधा निकाली निघतो आणि पुढचं अपील कमजोर होतं. अपिलासाठी नगरपरिषद क्षेत्रात मालमत्ता कर अपील समिती आहे. महापालिकेत कलम ४०६ खाली दिवाणी न्यायालयात पंधरा दिवसांत जावं लागतं. ग्रामपंचायतीच्या आकारणीविरुद्ध पंचायत समिती, आणि तिथेही समाधान झालं नाही तर जिल्हा परिषदेची स्थायी समिती. शहरांत अपिलाआधी मागणीची रक्कम भरावी लागते, म्हणून हरकत चालू आहे या भरवशावर बिल थांबवू नका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) चढते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. ‘हरकतीच्या अधीन राहून’ असं लिहून पैसे भरा आणि पावतीची प्रत अर्जाला जोडा.

आकारणी झाली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही आणि उताऱ्यावर नाव आलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही. गुंठेवारीतल्या (विनापरवाना गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतल्या) प्लॉटधारकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. विनापरवाना बांधकाम असेल तर महापालिका क्षेत्रात कलम २६७अ प्रमाणे दुप्पट कराची शास्ती लागू शकते.

दर ठरवणाऱ्यांसाठी

नगरसेवक आणि मुख्याधिकाऱ्यांसमोर दर चार वर्षांनी एकच प्रश्न येतो: घराला हात न लावता उत्पन्न वाढवायचं कसं? सोपं उत्तर म्हणजे दुकानांचा दर वाढवा. ते करण्याआधी हिशेब मांडा.

समजा गावात ४,००,००० चौरस मीटर निवासी आणि ६०,००० चौरस मीटर बिगरनिवासी नोंद आहे. दर तेच, ८ आणि २४. दुकानांचा दर ३२ केला तर वार्षिक मूल्य ५७.६० लाखांनी वाढतं आणि कर १२.९६ लाखांनी. पण जास्त दर चुकवायला १०,००० चौरस मीटर दुकानं ‘घर’ म्हणून नोंदली गेली, तर २८.८० लाखांचं मूल्य जातं. म्हणजे वाढीतली नेमकी निम्मी रक्कम. उलट दर २४ वरच ठेवून, आज घर म्हणून लपलेली १०,००० चौरस मीटर दुकानं शोधली तर १९.२० लाखांचं मूल्य आणि ४.३२ लाखांचा कर मिळतो. प्रामाणिकपणे भरणाऱ्या दुकानदारावर एक रुपयाही न वाढवता. आधी सर्वेक्षण आणि मग दर, असा क्रम आम्ही धरतो तो म्हणून. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातल्या शहरी अनुदानासाठी मालमत्ता कराच्या किमान दराची आणि वसुलीतल्या वाढीची अट घातली होती, तिथेही वसुलीच पाहिली जाते. ठरावातला मोठा दर तिथे कामाचा नसतो.

वर्ग जितके कमी तितकं बरं. निवासी, बिगरनिवासी, औद्योगिक आणि मोकळी जागा एवढ्यावर बहुतेक छोट्या गावांचं भागतं. जिनिंग आणि दालमिलच्या शेडला दुकानाचा दर लावणं चूक आहे. शेडचं क्षेत्र प्रचंड, दर चौरस मीटरमागे येणारं भाडं थोडं. त्यांना औद्योगिक रकाना स्वतंत्र द्यावा. दोन वर्गांत फरक करायचा तर त्याचं कारण ठरावात लिहिलेलं असावं, कारण कर लावताना केलेलं वर्गीकरणही संविधानाच्या अनुच्छेद १४ च्या कसोटीवर तपासलं जातं. महापालिकेत दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात.  ही तारीख पाळायची तर सर्वेक्षणाचं काम आदल्या पावसाळ्यानंतर लगेच हाती घ्यावं लागतं.

माजी सैनिकांना एका राहत्या घराची सवलत आहे. ती अर्ज केल्याशिवाय लागत नाही, तेव्हा वसुली लिपिकाने बिल देतानाच सांगावी.

हरकत मंजूर झाली की आदेशाची प्रत घ्या आणि महिनाभराने उतारा पुन्हा काढा. आदेश फाइलमध्ये आणि संगणकात जुनाच आकडा, असं घडतं. १ एप्रिलनंतरच्या बिलात दोन नोंदी वेगळ्या दिसत आहेत का, रोहयो कर फक्त दुकानाच्या ओळीत आहे का आणि मागची जादा भरलेली रक्कम वळती झाली का, या तिन्ही गोष्टी तपासून घ्या.